'झोंबी' लिहिणाऱ्याचे तुकोबा

आनंद यादवांची 'संतसूर्य तुकाराम' ही कादंबरी 2008 साली आली. पुढे काय घडले ते आपल्या संप्रदायात बहुतेकांना ठाऊक आहे. तुकोबारायांच्या तरुणपणाविषयी लेखकाने कल्पनेने रंगविलेल्या भागावर आक्षेप उठला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले आणि महाबळेश्वरच्या 82 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही सोडले. मार्च 2009 मधले ते संमेलन अध्यक्षावाचूनच पार पडले. प्रकरण न्यायालयातही गेले. यादव नोव्हेंबर 2016 मध्ये हे जग सोडून गेले. एवढी वर्षे लोटली तरी या पुस्तकाचा विषय निघाला की दोनच वाक्ये कानी येतात. 'त्यांनी महाराजांची बदनामी केली' हे एक, आणि 'वारकऱ्यांनी लेखकाची गळचेपी केली' हे दुसरे. पुस्तक म्हणून ते कसे उतरले आहे, हे बोलायला कुणी तयार नसतो. मला ते बोलायचे आहे, कारण मी यादवांचा जुना वाचक आहे आणि माझी निराशा या दोन्ही वाक्यांत मावत नाही.

पालघरजवळच्या आमच्या माहीमला 'झोंबी' आपलीशी वाटायला वेळ लागला नाही. खरे तर कागल कुठे आणि माहीम कुठे! तिकडे ऊस आणि गुऱ्हाळे, इकडे पानवेली, केळी, नारळ आणि समुद्राचा खारा वारा. भाषाही वेगळी. पण वाडीत राबणाऱ्या घरातल्या पोराचे बालपण दोन्हीकडे सारखेच. विहिरीवर रहाट चालायचा, पाटाचे पाणी वळवायला एक लहान माणूस लागायचे, आणि ते लहान माणूस शाळेत गेले की वाडीचे काम अडायचे. शाळा की वाडी, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत घरोघरी होता. त्यामुळे 1987 साली निघालेले हे पुस्तक गावात आले तेव्हा 'हे तर आपलेच' असे म्हणणारे माझ्यासारखे पुष्कळ निघाले. 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्याच घरी काही आले असे वाटले.

त्या पुस्तकातला एक भाग मला इथे मुद्दाम सांगायचा आहे. पुढचे सगळे त्यावर उभे आहे. बापाने शाळेतून काढून शेतावर जुंपलेला आनंदा, आईला घेऊन, गावच्या दत्ताजीराव देसायांकडे गाऱ्हाणे घेऊन जातो. त्यांच्या शब्दामुळे पुन्हा शाळेत बसतो. तिथे सौंदलगेकर नावाचे मास्तर कविता शिकवतात, चालीवर म्हणून दाखवतात, स्वतःही कविता करतात. मास्तरांच्या दारी मालतीचा वेल आहे. त्यावर त्यांनी कविता केलेली. आनंदाने तो वेलही पाहिलेला असतो आणि ती कविताही ऐकलेली असते. तेव्हा त्या पोराला उमगते की कवी हा कुणी आकाशातून पडलेला नसतो, तोही आपल्यासारखा हाडामांसाचा माणूस असतो. मग तोही कविता करू लागतो. म्हशी राखताना कागद जवळ नसला तर काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी ओढतो, नाहीतर दगडाने शिळेवर लिहितो. पाठ झाल्या की पुसून टाकतो.

कवी हाडामांसाचा आहे हे त्या मुलाला कशाने कळले, ते पाहा. मास्तरांचे काही उणे दिसले म्हणून कळले नाही. दारातला वेल आणि तोंडातली कविता यांच्यामधले अंतर किती थोडे आहे हे दिसले, म्हणून कळले. माणूसपण त्याला जवळिकीतून सापडले. ज्याने हे एवढे नेमके पाहिले आणि तितक्याच साधेपणाने लिहिले, तो लेखक एक दिवस तुकोबांवर कादंबरी लिहिणार हे कळले तेव्हा मनात मोठी आशा धरली, आणि ती वावगी नव्हती. त्याच्याआधी 'गोतावळा'त (1971) यादवांनी नारबा नावाचा गडी उभा केला होता. मालक ट्रॅक्टर आणतो, गुरे जातात, आणि नारबाचा गोतावळाच हरपतो. मुक्या जनावरांशी सोयरिक मानणारा तो गडी वाचताना वृक्षवेलींना आणि पाखरांना सगेसोयरे म्हणणाऱ्या तुकोबांची आठवण कुणाला होणार नाही? ज्याला दुष्काळ, कर्ज, बाप, भूक आणि कविता या पाचही गोष्टी अंगावरून गेलेल्या ठाऊक आहेत, तो तुकोबांजवळ जाईल तर किती जवळ जाईल!

प्रत्यक्षात तो जवळ गेला नाही, आणि माझी तक्रार एवढीच आहे.

संताला चमत्कारांच्या मखरातून काढून माणूस म्हणून पाहावे, असा लेखकाचा हेतू दिसतो. या हेतूला वारकऱ्याने दचकण्याचे कारण नाही. आपल्या परंपरेने संतांना कधी निष्कलंक जन्मलेले मानलेले नाही. वाल्या कोळ्याची कथा आपण लहान मुलांना सांगतो. अजामिळाचे नाव कीर्तनात दर चार दिवसांनी निघते. मंगळवेढ्याच्या गणिकेच्या घरी जन्मलेल्या कान्होपात्रेला पांडुरंगाने आपल्या पायाशी जागा दिली, आणि तिथल्या झाडापुढे आपण आजही हात जोडतो. तेव्हा संताच्या पूर्वायुष्यात डाग दाखवला म्हणून संप्रदाय बुडत नाही. तसे असते तर संप्रदाय केव्हाच बुडाला असता.

कल्पनेलाही आपला विरोध नाही. 1936 साली प्रभातने दामले-फत्तेलाल यांच्याकडून 'संत तुकाराम' काढून घेतला. त्यात कल्पनेने रचलेले पुष्कळ आहे. मंबाजीच्या जागी सालोमालो हा खलनायक आहे, महाराजांना मोहात पाडायला पाठवलेली गणिका आहे, आणि देवावर चिडून हातात वहाण घेऊन देवळात शिरणारी जिजाईही आहे. कुण्या वारकऱ्याने त्यावर बोट ठेवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट खेड्यापाड्यांतून लोक बैलगाड्या जोडून तो पाहायला गेल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगत. विष्णुपंत पागनीसांच्या पायाला हात लावणारे होते. कारण ती जिजाई उपाशी मुलांची आई आहे हे प्रत्येकाला दिसत होते. तिच्या हातातल्या वहाणेमागे रिकामे मडके होते. कल्पना होती, पण ती तुकोबांच्या घरातल्या खऱ्या दुःखातून निघाली होती.

आमच्या माहीमच्या माणसाला या गोष्टीची सवय आहे. आमच्या गावाच्या नावाने एक बखर आहे. 'महिकावतीची बखर' राजवाड्यांनी 1924 साली संपादून छापली. तिच्यात बिंब राजा आहे, वंशावळी आहेत, आणि देवीने नायकोरावाच्या स्वप्नात येऊन विस्कटलेल्या लोकांना एकत्र करायला सांगितल्याचा प्रसंगही आहे. राजवाड्यांनी प्रस्तावनेत बखरीच्या प्रकरणांचा काळ आणि विश्वास धरण्याजोगा भाग कोणता, हे निवडून दाखवले. पण ते स्वप्न कुणी खोटे म्हणून फाडून टाकले नाही. परचक्राने मोडून गेलेल्या लोकांना त्या स्वप्नाची गरज होती, आणि ते सांगणारा त्याच लोकांतला होता. कल्पित प्रसंग पुढे आला की आम्ही विचारतो, हा कशासाठी आला? कुणाच्या गरजेतून आला?

'संतसूर्य तुकाराम' वाचताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो, आणि त्याला उत्तर मिळत नाही. ज्या प्रसंगांवरून वाद झाला ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. त्यांनी जेवढे लक्ष खायचे तेवढे खाल्ले आहे. माझे म्हणणे त्यांच्या शील-अश्लीलतेविषयी नाही. ते प्रसंग अनावश्यक आहेत. कादंबरीकाराला असे वाटलेले दिसते की पुढे एवढे मोठे वैराग्य यायचे तर आधी तेवढीच मोठी आसक्ती दाखवली पाहिजे, म्हणजे वळण ठसठशीत दिसेल. आधी अंधार गडद करायचा, मग दिवा लावायचा. ही रीत कथेच्या सोयीची आहे. आधुनिक मनाला कारण लागते, आणि कारण सापडले नाही तर ते घडवून आणते.

आणि इथे तर कारण घडवण्याची मुळीच गरज नव्हती. तुकोबांनी स्वतःच सगळे सांगून ठेवले आहे.

संतांनी विचारले म्हणून, बोलणे बरे नव्हे असे आधीच म्हणून, तुकोबांनी आपला वृत्तान्त एका अभंगात सांगितला. गाथा उघडणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत आहे. आपली जात, आपला व्यापार, घरात पूर्वीपासून असलेला देव. मग आईबाप गेले. दुष्काळ पडला, तो शके 1552 चा, म्हणजे 1630 चा महाभयंकर दुष्काळ. त्यात पैसा गेला, अब्रू गेली, आणि दोन बायकांपैकी एक भुकेने, अन्न मागत मागत मेली. व्यापारात खोट आली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. मग ते सांगतात की गावात देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करावे असे मनात आले. एकादशीला कीर्तन सुरू केले, पण मन त्यात आधी नव्हते. संतांची वचने श्रद्धेने पाठ केली. पुढे कुणी गाईल त्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. सगेसोयऱ्यांचे ऐकले नाही. खरे काय आणि खोटे काय, याला स्वतःच्या मनाची साक्ष काढली, लोकांच्या संख्येची नाही. पुढे स्वप्नातला गुरूपदेश, कवित्व, निषेधाचा घाव, बुडवलेल्या वह्या, आणि धरणे.

एवढ्याशा जागेत हे सारे आहे. मी याला तुकोबांची 'झोंबी' म्हणतो. यादवांनी कागलच्या आनंदाचे जे शेकडो पानांत सांगितले, ते देहूच्या तुकोबांनी काही कडव्यांत सांगितले, आणि दोघांची सांगण्याची तऱ्हाही एकच आहे: जे झाले ते सांगायचे, कढ काढायचा नाही, स्वतःला शाबासकी द्यायची नाही.

आता या वृत्तान्तात वैराग्य कसे येते ते नीट पाहा. एका रात्रीत येत नाही. बायको उपाशी मेली त्या क्षणी वीज चमकली असे तुकोबा म्हणत नाहीत. ते म्हणतात, मला लाज वाटली. केवढा मोठा शब्द आहे हा! घरातल्या माणसाला दोन घास देऊ न शकलेल्या कर्त्या पुरुषाची लाज. त्यानंतर ते हिमालयात गेले नाहीत. मोडके देऊळ बांधायला लागले, म्हणजे दगडमातीत हात घातले. आणि कीर्तनात मन नव्हते हे मोकळेपणाने सांगितले. दुसऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरणारा, अजून काहीच न जमलेला, कर्जात बुडालेला, बायको गमावलेला तिशीच्या आतला एक वाणी. टाळकऱ्यांच्या मागच्या रांगेत असा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. याहून हाडामांसाचा तुकाराम आणखी कुठला हवा होता?

दुष्काळ, लाज, देऊळ, ध्रुपद या चार शब्दांवर चार प्रकरणे लिहायला यादवांइतका लायक लेखक महाराष्ट्रात दुसरा नव्हता. मोडक्या देवळाच्या भिंतीला माती लिंपणारा हात कसा दिसतो, हे कुणबिकीत वाढलेल्याला सांगावे लागत नाही. घरात दाणा नसताना आई चुलीपुढे कशी बसते हे 'झोंबी'त आहेच. त्याने तेच डोळे इथे वापरायचे होते. वापरले नाहीत. या कादंबरीतले तुकोबा मला ऐकू येण्याऐवजी समजावून सांगितले जातात. 'झोंबी'तला बाप किती कठोर आहे, पण यादव त्याचे विश्लेषण करीत बसत नाहीत; तो दारात उभा राहतो आणि आपल्यालाच धाक वाटतो. इथे मात्र निवेदकात विद्यापीठातला प्राध्यापक शिरला आहे. म्हशीच्या पाठीवर लिहिणारा पोरगा त्याच्या मागे कुठे तरी राहून गेला.

कुणी असे म्हणेल की तुकोबांनी स्वतःला पतित, पापी, अपराधी म्हटले आहे. त्याचाच आधार घेऊन कादंबरीकाराने प्रसंग रचले तर बिघडले कुठे? हा पूर्वपक्ष हलका नाही. पण भक्ताची स्वनिंदा ही साक्षीदाराची जबानी नसते. देवापुढे उभे राहिल्यावर सगळ्यांनाच आपले मळ दिसतात, आणि ज्याचे वस्त्र जितके स्वच्छ त्याला डाग तितका लवकर दिसतो. 'मी पातकी' या उद्गारामागे अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक पाप घडले असे शोधू लागलो, तर भक्तीची भाषाच आपल्याला कळली नाही असे होईल. बहिणाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांनीही आत्मचरित्र अभंगांत सांगितले. नवऱ्याने मारले, वासरू गेले, तुकोबा स्वप्नात आले, हे प्रसंग त्या प्रसंग म्हणून सांगतात, आणि देवाची करुणा भाकतात तेव्हा करुणा भाकतात. दोन्हींचा सूर वेगळा आहे, आणि तो वेगळा ऐकू येण्यासाठी कान वारकऱ्याचाच हवा असेही नाही. सौंदलगेकर मास्तरांकडे कविता ऐकलेल्या मुलाला तो ऐकू यायला हवा होता.

आता आपल्या बाजूचेही थोडे बोलले पाहिजे. देहूकरांना दुःख झाले ते खोटे नव्हते. ज्यांच्या घराण्याचा तो पूर्वज आहे आणि ज्यांच्या मुखी त्याची वाणी रोज आहे, त्यांना ती पाने वाचून संताप येणार. पण संताप आल्यावर आपण जे मागितले त्याने आपलेही नुकसान झाले. पुस्तक मागे गेले आणि त्याबरोबर त्याची समीक्षाही गेली. 'या लेखकाने हे का गमावले' हा प्रश्न संप्रदायातल्या जाणत्यांनी विचारायचा होता. गाथा हातात घेऊन, पान उघडून, हा शब्द इथे आहे आणि तू तो वाचला नाहीस, असे सांगायचे होते. तसे झाले असते तर तो वाद पुढच्या वाचकाला काही देऊन गेला असता. डॉ. सदानंद मोरे यांचे 'तुकाराम दर्शन' आपल्यापुढे आहे. तुकोबांविषयी केवढे बोलता येते आणि किती शांतपणे, हे त्यात दिसते. आपल्याकडे साधने होती. आपण निषेधाचे साधन निवडले.

ज्या संप्रदायाच्या ग्रंथाला इंद्रायणीत बुडवले गेले, त्याने पुस्तक बुडवण्याच्या मार्गाने जावे का, हे मला पटत नाही. रामेश्वरभटांनाही तुकोबांच्या वाणीत अधर्मच दिसला होता. तेही दुखावलेले होते, आणि आपल्या समजुतीप्रमाणे धर्माचेच रक्षण करीत होते. पुढे तेच शरण आले, आणि कीर्तन संपल्यावर आपण तुकोबांची जी आरती म्हणतो तिच्या शेवटी त्यांचेच नाव येते. यादवांना शरण यायला लावले गेले आणि रामेश्वरभट स्वतःहून आले, या दोन्हींत फरक आहे. यादवांच्या माफीनंतर त्यांच्याकडून तुकोबांवर दुसरे, खरे पुस्तक येण्याची वाट बंद झाली. मला वाचक म्हणून सर्वांत जास्त हळहळ याची वाटते. फसलेल्या कादंबरीनंतरच कधी कधी लेखकाला तोच विषय नीट दिसतो.

आमच्या गावातल्या एका घरी तेव्हा 'झोंबी'सुद्धा कपाटातून बाहेर काढून रद्दीत दिलेली मी ऐकली. एका पुस्तकाचा राग दुसऱ्यावर! आवडत्या लेखकाने निराश केले की त्याचे आधीचे देणेही खोटे वाटू लागते, हा मनाचा खेळ आहे. 'संतसूर्य तुकाराम' फसली म्हणून म्हशीच्या पाठीवरच्या ओळी पुसल्या जात नाहीत. उलट ती का फसली हे समजायला मला 'झोंबी'च उपयोगी पडली.

ज्या तरुण कीर्तनकारांनी यादवांचे नाव फक्त वादातूनच ऐकले आहे, त्यांनी आधी 'झोंबी' वाचावी, मग 'गोतावळा'. त्यातले भूक, लाज आणि कष्ट नीट मनात बसले की गाथेतला तो वृत्तान्ताचा अभंग काढावा आणि दुष्काळाच्या ओळीपाशी थांबावे. निरूपणात आपण ती ओळ फार झपाट्याने ओलांडतो, कारण पुढे देऊळ, स्वप्न आणि कवित्व असते. एक बाई अन्न मागत मागत मेली. रखमाई तिचे नाव. यादवांना ती दिसायला हवी होती. आपल्यापैकी किती कीर्तनकार तिच्याजवळ थांबतात?